ताईच्या नावापुढचा रकाना

दुबईला जाऊन आले म्हटलं की पुण्यात लोक आधी विचारतात, सोनं आणलंस का. नाही आणलं. ती जगातली सगळ्यात उंच इमारतसुद्धा मी चालत्या गाडीतूनच पाहिली. भाचा म्हणाला, "मावशी, डावीकडे बघ," तेव्हा मी उजवीकडे बघत होते, त्यामुळे तीही अर्धीच दिसली. मी गेले होते माझ्या थोरल्या बहिणीकडे. ताईला उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला होता, आणि दिवाळीच्या तोंडावर मला महिनाभराचा व्हिसा मिळाला.

जाण्याचं आणखी एक कारण होतं. ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी आयुष्यभर कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं, आणि तरुणपणी काही वर्षं वेल्समध्ये राहून तिथल्या जुन्या खानेसुमारीच्या कागदांवर प्रबंध लिहिला. वेल्स हा इंग्लंडला चिकटलेला छोटा देश. त्याची स्वतःची भाषा आहे, वेल्श. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या खानेसुमारीत भाषेचा एक रकाना आला: या माणसाला काय येतं? इंग्रजी, वेल्श की दोन्ही? हा रकाना घरातला कर्ता सगळ्यांच्या वतीने भरायचा. बायकोची, पोरांची, म्हातारीची भाषा तोच ठरवायचा. काही उत्साही बापांनी पाळण्यातल्या बाळापुढेही भाषा लिहिलेली असायची, आणि मग सरकारी माणसाने त्यावर काट मारलेली.

त्या कागदांत दक्षिणेकडच्या एका बंदरगावातलं एक घर होतं. बाप "दोन्ही", आई "दोन्ही", दोघी मुली "इंग्रजी", आणि शेवटच्या ओळीत बापाची आई, "वेल्श". म्हणजे आजीला इंग्रजी येत नाही, नातींना वेल्श येत नाही आणि सगळे एका छपराखाली. मी त्या घराची बोळवण एका तळटिपेत केली. पण ही माणसं जेवायला बसल्यावर काय बोलत असतील, हा प्रश्न माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. निवृत्तीनंतर वाटलं, आखातातल्या मराठी घरांतही असाच एक कागद फिरवावा, फक्त वेल्शच्या जागी मराठी घालावी. आपल्यात म्हणतातच, काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा वळसा जरा लांबचा पडला.

डिस्कव्हरी गार्डन्स

निघायच्या आदल्या दिवशी भाच्याचा, निखिलचा, फोन आला. मी तेव्हा ताईसाठी अनारसे तळायला बसले होते.

"मावशी, बॅगेत खसखस नाही ना? इथे ती ड्रग्जमध्ये धरतात. सापडली तर खलास. आत टाकतील."

"अनारशाला जामीन मिळत नाही का तिकडे?"

तो हसला नाही. मी खसखशीची वाटी उचलून ठेवली आणि पुढचे सगळे अनारसे नुसते तळले. असे उघडेबोडके अनारसे घेऊन मी दुबईत उतरले.

डिस्कव्हरी गार्डन्स म्हणजे एकाच साच्यातून काढलेल्या इमारतींच्या रांगा. मधे नीट छाटलेली झाडं आणि प्रत्येक झाडाच्या बुडाशी पाण्याची नळी. पहिले काही दिवस मी रोज चुकीच्या इमारतीत शिरत होते. घर मात्र छान, लख्ख. निखिल, त्याची बायको केतकी, दोघंही नोकरी करणारे. मुलगी सई, तिथेच जन्मलेली, दहावीतली. दिवसभर ताईचं सगळं करायला जोसी नावाची फिलिपिनो बाई, फार मायाळू. आणि बाल्कनीच्या दाराशी चाकाच्या खुर्चीत ताई.

"आई आता बोलत नाही गं," निखिल दारातच हळू आवाजात म्हणाला. "हिंदी-इंग्लिश तर पूर्ण गेलं. डॉक्टर म्हणाले होते मराठी थोडी राहिलीय, पण तीही काही दिसत नाही."

माझी ताई म्हणजे सोसायटीच्या वॉचमनशी हिंदीत भांडणारी, बँकेत इंग्रजीत हुज्जत घालणारी बाई. मी तिच्यापुढे बसले. तिने मला ओळखलं, डोळे भरून आले, पण तोंडातून आवाज नाही. मला काय करावं सुचेना, म्हणून मी डबा उघडला आणि एक अनारसा तिच्या चांगल्या हातात, म्हणजे डाव्या हातात, दिला. तिने तो उलटा करून पाहिला. परत सुलटा केला. अंगठ्याने वरून चाचपला. मग तोंड वाकडं करत, एकेक अक्षर ओढत म्हणाली, "खसखस... कुठाय?"

केतकी स्वयंपाकघरातून धावत आली. निखिल म्हणाला, "आई बोलली?" मला रडूही आलं आणि रागही आला. ती बोलत नाही म्हणणाऱ्यांनी तिला बोलण्यासारखं काही दिलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी कुठे भांडा, म्हणून मी गप्प बसले. मी गप्प बसले, हे ऐकून माझ्या विद्यार्थ्यांचा विश्वास बसणार नाही.

पुढचे दिवस मी नुसती बघत राहिले, तो माझा धंदाच आहे. सकाळी निखिल-केतकी जायचे ते दिवेलागणीनंतर यायचे. जोसी ताईशी इंग्रजीत बोलायची, "मामा, ईट. मामा, गुड." दुपारी सई शाळेतून आली की ताईजवळ यायची आणि तिला येणारी सगळी मराठी वापरायची: "आजी, जेव. आजी, पाणी. आजी, औषध. आजी, झोप." ताई मान हलवायची. रात्री निखिल खुर्चीशेजारी बसून विचारायचा, "काय आई, बरी ना?" आणि तिने मान हलवली की फोन बघायचा. त्यात प्रेम कमी होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. तिचे केस विंचरलेले असायचे, नखं कापलेली असायची. पण दिवसभरात तिच्या वाट्याला चार हुकमांपलीकडे मराठी येत नव्हती.

क्लिनिक

दुसऱ्या आठवड्यात ताईची तपासणी होती. बोलायला शिकवणाऱ्या बाई इजिप्तच्या होत्या, शांत, पेन हातात धरूनच बोलणाऱ्या. त्यांनी ताईला चित्रं दाखवली. ताईने एकाचंही नाव सांगितलं नाही. छत्री, किल्ली, मासा, सगळ्यांकडे ती नुसती बघत राहिली. मग बाईंनी निखिलला विचारलं, घरात हिची भाषा कोण बोलतं?

"ऑल ऑफ अस," निखिल म्हणाला.

बाईंनी ते लिहून घेतलं. त्यांच्या आधीच्या टिपणातही तेच होतं. त्या म्हणाल्या, घरात एवढी माणसं तिच्याशी तिच्या भाषेत बोलतात आणि तरीही ती बोलत नाही, याचा अर्थ मेंदूला झालेली इजाच मोठी असणार. मग फार अपेक्षा ठेवू नये, व्यायाम चालू ठेवावेत, इन्शाल्ला.

निखिल काही खोटारडा मुलगा नाही. त्याने ते लबाडीने सांगितलं नव्हतं. चारचौघांत, परक्या बाईसमोर, माझ्या घरात माझ्या आईची भाषा कुणाला येत नाही असं कोण म्हणेल? आयुष्यभर मी ज्या बापांचे रकाने वाचले, त्यांच्यातलाच एक माझ्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. फरक एवढाच की त्यांच्या लिहिण्याने नुसता आकडा बिघडला. याच्या बोलण्याने ताईचा आजार बदलला होता.

"नो," मी म्हणाले. "ओन्ली द सन अँड हिज वाइफ. दे कम होम इन द नाइट. द गर्ल डझन्ट. द मेड डझन्ट. होल डे, नोबडी."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी निखिलकडे पाहिलं, त्याने टेबलाकडे. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं की असं असेल तर सगळंच वेगळं आहे. तिच्याशी रोज तासन्तास बोलायला हवं, पूर्ण वाक्यांत, जुन्या गोष्टींबद्दल, भांडलात तरी चालेल. पहिल्या वर्षात जे वापरलं जाईल तेच टिकेल. न वापरलेलं परत येईलच, असं त्या सांगू शकत नव्हत्या.

गाडीत पट्टा लावताना निखिल म्हणाला, "मावशी, बाहेरच्यांसमोर असं बोलायची गरज होती का?"

"होती," मी म्हणाले.

अल मनखूल

अल मनखूल हा बर दुबई नावाच्या जुन्या वस्तीतला भाग आहे आणि तिथे आपली बरीच कुटुंबं राहतात. जिन्यात फोडणीचा वास, दाराबाहेर चपलांचा ढीग, पार सदाशिव पेठेत आल्यासारखं वाटतं. निखिलच्या ओळखीचे सबनीस म्हणून गृहस्थ तिथे राहतात. त्यांनी आम्हाला फराळाला बोलावलं होतं, आणि माझा कागद भरायलाही ते तयार होते. चकलीचं कौतुक करायच्या आत सबनीस सांगू लागले, इथे भाजणी इतक्या दिरहमला, म्हणजे आपले इतके रुपये. हा हिशेब मोठ्याने म्हटल्याशिवाय तिथल्या मराठी माणसाला वस्तू उचलवत नाही.

त्यांनी चष्मा लावून कागद भरला. स्वतःपुढे मराठी, हिंदी, इंग्रजी. बायकोपुढे तेच. दोन्ही मुलांपुढेही तेच, शिवाय कंसात "उत्तम". मुलं आतल्या खोलीत व्हिडिओ गेम खेळत होती. सबनीसांनी हाक मारली, "अरे, मावशींना नमस्कार करा, मराठीत बोला त्यांच्याशी."

"वन मिनिट, डॅड," आतून आलं.

"अहो, खरं लिहा," सबनीसबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "उत्तम काय उत्तम. गणपतीत आरतीसुद्धा इंग्लिश अक्षरांत लिहून देते मी."

"समजतं गं त्यांना सगळं."

"समजतं आणि बोलतं यात फरक असतो."

घरोघरी मातीच्या चुली. एरवी मी अशा संवादावर खूश होऊन पानं भरली असती. त्या दिवशी माझं लक्ष लागेना. मी सबनीसबाईंना ताईचं सांगितलं आणि विचारलं, दिवसा येऊन तिच्याशी नुसती मराठीत बोलेल अशी कुणी बाई मिळेल का? त्यांनी लगेच नाव काढलं. वंदना, चिपळूणची, राहायला शारजात. मराठी घरांत सणावाराला पुरणपोळ्या करून देते आणि बोलायला लागली की थांबत नाही. मला वाटलं, झालं काम.

शारजा

दुबईत भाडी परवडत नाहीत म्हणून कितीतरी लोक शारजात राहतात आणि रोज दुबईत कामाला येतात. म्हणजे तो रस्ता रोज संध्याकाळी तुंबतो. शनिवारी निखिल मला घेऊन गेला. शेजारच्या गाडीतला माणूस स्टिअरिंगवर डबा ठेवून भात खाऊन मोकळा झाला, तरी आम्ही तिथेच होतो.

वंदना छान होती. तिशी-पस्तिशीची, कोकणी हेल, हातात लाटणं तसंच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, मी आले असते हो. पण ह्यांची नोकरी गेली. व्हिसा संपायच्या आत आम्ही गावाला चाललो. सामान बांधायला घेतलंय, बघा." खरंच कोपऱ्यात खोकी होती. दुसरं कुणी आहे का विचारलं, तर म्हणाली, होत्या एकदोघी, त्याही गेल्या. तिने आम्हाला कोकम सरबत दिलं आणि ताईसाठी दोन पुरणपोळ्या बांधून दिल्या.

परतताना गाडी पुन्हा तुंबली. पुढे नुसते लाल दिवे. मी ठरवूनच बसले होते.

"निखिल, मी ताईला पुण्याला नेते. डॉक्टर विमानाला हो म्हणालेत. माझ्याकडे राहील. शेजारी जोशीकाकू आहेत, समोर कुलकर्णी आहेत. दिवसभर कुणी ना कुणी बोलेल तिच्याशी."

"नाही."

"का?"

"बाबा गेल्यावर पुण्याचा फ्लॅट विकला तेव्हा सगळ्यांना सांगितलं मी, आई माझ्याकडे राहील. आता परत पाठवली तर काय म्हणतील? चांगली होती तोवर ठेवून घेतली, आजारी पडल्यावर पाठवून दिली?"

"कोण म्हणेल?"

"सगळे म्हणतील. तूच म्हणशील."

यात तथ्य होतं. दुसऱ्या कुणाच्या मुलाने असं केलं असतं, तर मी सगळ्यात आधी नाव ठेवलं असतं.

"आणि सई आहे ना," तो म्हणाला. "सई बोलेल आजीशी. मी सांगतो तिला."

"परत तू तिच्या वतीने सांगतोयस. वेल्समधले ते बापही..."

"मावशी, तुझ्या वेल्समधल्या म्हाताऱ्या केव्हाच मेल्या. माझी आई जिवंत आहे."

"म्हणून तर म्हणते."

त्याने रेडिओ लावला. कुठलं तरी हिंदी गाणं लागलं आणि ते संपेपर्यंत गाडी हलली नाही. मला त्याचा संताप आला होता, आणि त्याच्या कानाजवळचे पांढरे झालेले केस बघून वाईटही वाटत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दुबईत असेपर्यंत मी पुन्हा विषय काढला नाही. काढायला हवा होता, असं आता रोज वाटतं.

पुन्हा डिस्कव्हरी गार्डन्स

उरलेल्या दिवसांत मी सईला धरलं. दुपारी ताई, ती आणि मी, तिघी स्वयंपाकघराच्या टेबलाशी. पहिल्या दिवशी ती फोनमध्ये बघत बसली.

"तू बोलत का नाहीस गं आजीशी?"

"एव्हरीवन लाफ्स," ती म्हणाली. "गणपतीला मी अंकलला 'तू कशी आहे' बोलली. ऑल दोज अंकल्स अँड आंटीज. बाबा पण लाफ केला. सो आय स्टॉप्ड."

मी म्हणाले, आजी हसणार नाही. तिला स्वतःलाच बोलता येत नाही, ती कुणाला हसणार? सईने जरा विचार केला आणि खुर्ची पुढे ओढली.

आम्ही भाजी निवडायला घेतली. सई कोथिंबिरीचे देठ तसेच टाकत होती. ताईने तिच्या हातावर चापट मारली. "नीट... निवड." सई म्हणाली, "नीट म्हणजे?" ताईने तिच्यापुढे एक काडी धरून देठ खुडून दाखवला. दोघी सारख्याच अडखळत बोलायच्या, त्यामुळे कुणाला घाई नव्हती. एक शिकत होती, एक आठवत होती. माझ्यासारख्या भराभर बोलणाऱ्या बाईपेक्षा त्या एकमेकींना जास्त सोयीच्या होत्या. मी निघायच्या आदल्या दुपारी ताई आपण होऊन म्हणाली, "तुझ्या बाबाला... पोहता येत नाही. विहिरीत... रडला." सईने ते मनात जुळवलं आणि ती हसत सुटली. "बाबा रडला? रिअली?" ताई खुर्चीत हलून हलून हसली. तिच्या वाकड्या तोंडातून लाळ गळत होती आणि सई ती रुमालाने टिपत होती.

निघताना मी निखिलपुढे कागद ठेवला. तुझं घर राहिलंय म्हटलं. त्याने आपली ओळ भरली, केतकीची भरली, आईपुढे "मराठी" लिहिलं. सईच्या नावापाशी पेन थांबलं. मग त्याने ते तिच्याकडे सरकवलं. "तूच लिही." सईने लिहिलं, "इंग्रजी. मराठी शिकते." अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी मोठी होती. माझ्या सगळ्या कागदांत स्वतःची ओळ स्वतः भरलेली ती एकटीच मुलगी आहे. विमानात मी तो कागद पुन्हापुन्हा बघत होते आणि मला वाटत होतं, वाचली ताई.

पुणे

सुरुवातीला रोज दुपारी व्हिडिओ कॉल व्हायचा. ताईने पुरणपोळी ओळखली, चमचा ओळखला, मला नावाने हाक मारली. मग सईची पूर्वपरीक्षा आली, मग क्लास, मग परीक्षा. कॉल आठवड्यावर गेला. निकालानंतर सईला नव्या मैत्रिणी, नवी शाळा. तिला बोल लावणार नाही. पोरीचं वयच ते. जोसी फोन उशीला टेकवून ठेवायची आणि ताई पडद्याच्या कडेकडे बघत राहायची. मी बोलत राहायचे, पालथ्या घड्यावर पाणी. निखिलला दोनदा म्हटलं, अजूनही तिला पुण्याला पाठव. तो म्हणाला, "बघू, मावशी, इन्शाल्ला."

या दिवाळीत मी अनारसे केले, भरपूर खसखस लावून. पाडव्याला कॉल केला. सगळे घरी होते. सई उंच झाली आहे. तिने फोन आजीसमोर धरला. मी अनारसा कॅमेऱ्याजवळ नेला.

"ताई, बघ. खसखस."

ती खूप वेळ बघत राहिली. ओठ हलले. "जेव," ती म्हणाली.

"ताई, मी कोण?"

"पाणी."

"ताई, अगं, मी. ओळखलंस का?"

"औषध. झोप." शेवटचं अक्षर जरा वर उचलून, अगदी सई उचलते तसंच.

"सी? शी इज टॉकिंग," सई म्हणाली. पोरगी खरंच खूश होती. मागून निखिलचा चेहरा पडद्यात आला, उटण्याचं, नव्या शर्टाचं तेज असलेला. "बघ मावशी," तो म्हणाला, "बोलते की नाही आता? सगळे बोलतो आम्ही तिच्याशी."

त्या बंदरगावातल्या घरात जेवताना काय बोलत असतील, ते मला तेव्हा कळलं. तळटीप लिहिताना कळलं असतं, तर बरं झालं असतं. मी निखिलला म्हणाले, हो, बोलते.

"जेव," ताई पुन्हा म्हणाली.

मी तिच्यासमोर बसून तो अनारसा खाल्ला.